दारावर टांगलेली कोसाची घाटी

मी एक जुनी घाटी आहे. बैलाच्या गळ्यात पितळेची घंटी बांधतात ना, तिला आमच्या वऱ्हाडात घाटी म्हणतात. बैलाच्या घाटीची जागा बैलाच्या गळ्यात. मी मात्र एका खोलीच्या पत्र्याच्या दारावर, खिळ्याला, सुतळीने बांधलेली आहे. शेलूबाजारच्या शिवारात, मोठ्या रस्त्यापासून थोडा आत, भाजीपाल्याचा एक मळा आहे. त्या मळ्यातल्या घराची ही खोली.

मित्रांनो, मी इथे कशी आले ते तुम्हाला सांगावे असे फार दिवस मनात होते. पण घाटीला आपल्या मनाने बोलता येत नाही. कोणी हलवले तर ती वाजते. नाही हलवले तर गप्प. आणि वाजायचे नसेल तरी वाजावे लागते. एवढे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचे सगळे समजेल.

माझा जन्म एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. मेणाचा आकार, त्यावर मातीचे लिंपण, आणि मेण वितळून गेल्यावर उरलेल्या पोकळीत उकळते पितळ. थंड झाल्यावर त्याने माती फोडली, कानशीने घासून मला उजळ केले आणि पोटात लोखंडी लोलक अडकवला. मग मला हलवून कानाशी धरले आणि म्हणाला, "इचा आवाज तीन वावरं पार जाते."

रंगरावने मला जत्रेत घेतले. ते त्याच्या लग्नाचे वर्ष होते. तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटली होती, म्हणून मी आजही त्याला 'तो' म्हणते. तुम्ही राग मानू नका. त्याची बायको प्रयागबाई आणि मी एकाच वर्षी या मळ्यात आलो. ती घरात गेली, मी गोठ्यात गेले.

ते दिवस कामाचे होते. उजाडायच्या आत वांगी, मेथी, भेंडी आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, गाडीत भरायची आणि बाजार गाठायचा. माझा आवाज आला की बाजारातल्या बाया म्हणत, "रंगरावची गाडी आली. चला, सांबार हिरवागार असन." बैल म्हातारे झाले, नवे आले, पण गळ्यातली घाटी मीच राहिले. पोळ्याला चिंच लावून मला घासत, तेव्हा माझ्यात आजूबाजूची झाडे दिसत.

रंगरावचा एक नियम होता. बाजारातून परतला की तो आधी बैल हौदावर नेई. बैल पाणी पिऊ लागले की तो बारीक शीळ घाली. शेतकरी अशी शीळ घालतात. ती ऐकत बैल मन लावून पाणी पितो. बैलाने मान खाली घातली की मी हौदाच्या काठावर आपटे, टण्ण, आणि तिथेच टेकून गप्प राही. मी गप्प आहे म्हणजे बैल पीत आहे. मी पुन्हा वाजले म्हणजे त्याचे पोट भरले, त्याने मान वर केली. मग रंगराव म्हणे, "पेला," म्हणजे बैल पाणी प्यायला, आणि त्याच हौदाच्या नळाखाली ओंजळ धरून स्वतः पाणी पिई. त्याच्या आधी कधी नाही.

प्रयागबाई घरासमोर बसून मेथीच्या जुड्या बांधता बांधता ओरडे, "अवो, तांब्या भरून ठेवला हाय. घोटभर पेऊन तं घ्या!"

"त्याइनं नाई पेलं अजून," तो तिकडूनच म्हणे.

"त्याइच्याच संगं लगन लावाचं होतं मंग!"

"लावलं असतं, पन तुया बापानं घाई केली."

अशी त्यांची थट्टा चाले. मला ती पाठ झाली होती.

माझा शेवटचा बैल कोसा. अंगाचा रंग कोशाच्या रेशमासारखा फिकट पिवळा, म्हणून कोसा. घरात ट्रॅक्टर आला तेव्हा रंगरावने त्याचा जोडीदार विकला, पण कोसाला विकले नाही. तो गोठ्यातच म्हातारा झाला. एके दिवशी त्याने पाणी सोडले. रंगराव बादली पुढे धरून बसला आणि शीळ घालत राहिला. दुपार गेली, सावल्या लांबल्या, ओठ कोरडे पडले तरी तो शीळ घालत होता. कोसाने बादलीला तोंड लावले नाही. मी त्याच्या गळ्यात होते. तो गेल्यावर रंगरावने पट्टा सोडून मला काढले, धोतराच्या सोग्याने पुसले आणि गोठ्यातल्या खुंटीवर टांगले. त्या दिवशी त्यानेही पाणी घेतले नाही.

पुढे गोठ्यात बैल आले नाहीत. ठिबकच्या नळ्या आल्या, खताच्या गोण्या आल्या. माझ्या पोटात कोळ्याने जाळे केले. वर्षे गेली. मी समजले की माझे काम संपले.

इकडे रंगराव बदलत होता. आधी छोट्या गोष्टी. बांधलेल्या जुड्या तो सोडून पुन्हा बांधी. पाणी कोणत्या वाफ्याला दिले ते विसरे. जेवून उठे आणि विचारी, "आज भाकर नाई का कराची?" लोक हसून म्हणत, साठी बुद्धी नाठी. मुलगा दिनेश त्याला वाशीमला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले, हा नुसता विसराळूपणा नाही. हा मेंदूचा आजार आहे, त्याला डिमेन्शिया म्हणतात. तो हळूहळू वाढत जाईल.

मग एका दुपारी रंगराव कोणाला न सांगता मोठ्या रस्त्यावर गेला. भर उन्हात, गाड्यांच्या मधून चालत होता. शेलूबाजारच्या एका जीपवाल्याने ओळखले आणि गाडीत घालून घरी आणले. "दिनेशभाऊ, बुढ्याले सांभाळा," तो म्हणाला. "आज माया जीपसमोर आला. उद्या ट्रक रायते."

दिनेश घाबरला. त्याने गोठ्यात जाऊन मला खुंटीवरून काढले, फुंकर मारून जाळे उडवले आणि रंगरावच्या खोलीच्या दाराला बाहेरून बांधले. सुतळी लांब ठेवली, म्हणजे दार जरा हलले तरी मी पत्र्यावर आपटावी. त्याची बायको तनुजा म्हणाली, "हे बरं केलं. आता मामाजी उठले का चुलीपाशी आयकू येईल."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या वर्षांनी मला काम मिळाले. मालकाची राखण करायची, यापेक्षा मोठे काम कोणते?

पण मित्रांनो, माझा आनंद त्याच दुपारी संपला. वारा सुटला. दार हलले. मी वाजले. आणि आत बाजेवर पडलेला रंगराव ताडकन उठून बसला.

"कोसा सुटला," तो म्हणाला.

तो दाराशी आला. दार ढकलले, मी आणखी वाजले. मी वाजले म्हणून तो आणखी घाईने निघाला, गोठ्याकडे, मग वावराकडे, मग रस्त्याकडे. दिनेश धावत जाऊन त्याला परत घेऊन आला. "बाबा, कुठी चालले होते?"

"कोसा तहानला हाय ना. घाटी वाजून राह्यली, आयकू नाई येत तुले?"

"बाबा, कोसा मेला. कवाचाच मेला."

रंगराव त्याच्याकडे पाहत राहिला. "कवा?" त्याने विचारले आणि तो रडू लागला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मी वाजले, पुन्हा तो उठला, पुन्हा दिनेशने सांगितले, आणि रंगरावने ते पहिल्यांदाच ऐकले. पुन्हा रडला. त्याच्यासाठी कोसा रोज मरत होता, आणि रोज त्याला मीच जिवंत करत होते. मला गप्प राहायचे होते. घाटीला ते जमत नाही.

घरचे म्हणू लागले, आजार वाढला. आधी कधीमधी जायचे, आता रोज निघतात. माझा आवाज रोजचा झाला होता. रोजच्या आवाजाकडे कोणी कान देत नाही. शेवटी दिनेशने दाराला बाहेरून कडी बसवली.

आता रंगराव आतून दार ढकली. कडी खडखडे. मी पत्र्यावर आपटत राही. त्याला वाटे, दाराच्या पलीकडे कोसा बांधलेला आहे, तहानलेला आहे आणि मान हलवून हाक मारतो आहे. तो आत अडकलेला, मी बाहेर अडकलेली. आम्हा दोघांच्या मध्ये एक पातळ पत्रा.

उकंडराव नावाचा त्याचा दोस्त आहे, शेजारच्या वावराचा मालक. दोघे लहानपणापासून एकत्र. तो एकदा भेटायला आला आणि कडी पाहून थबकला.

"काय वं प्रयागवैनी, बैलालेबी कासरा लांब देतो आपन. तो निदान चरते तरी. याले तं तुमी खुट्यालेच बांधलं."

"मंग काय करू भाऊजी?" प्रयागबाई म्हणाली. ती दाराबाहेर पोत्यावर बसली होती. "पोरगा वावरात, सून सैपाकात अन् बाजारात. मी इथून उठली का हा पयाला. पोरीकडे जाऊन मले साल झालं. हा अंदर कोंडला, अन् मी बाहेर कोंडली."

उकंडरावने जवळचे दुसरे पोते ओढले. तिच्याजवळ बसून राहिला.

मग उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. पत्रा इतका तापे की माझी एक बाजू भाजून निघे. आत रंगराव. त्याचे धोतर वरचेवर ओले होऊ लागले होते. लघवी लागली हे त्याला वेळेवर कळत नसे, आणि कळले तरी दाराला कडी. अंथरुणे धुऊन धुऊन प्रयागबाईचे हात सोलले. तेव्हा तिने आणि तनुजाने ठरवले की पाणीच कमी द्यायचे. "दुपारून द्याचंच नाई," प्रयागबाई म्हणाली. "पेलं नाई तं भिजवन कायले?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. असे पुष्कळ घरांत करतात. पण ती फार मोठी चूक होती.

आणि जे थोडे पाणी मिळे, तेही रंगराव पीत नसे. तांब्या हातात घेई, दारापर्यंत येई, आणि दाराखालच्या फटीत, माझ्या बरोबर खाली, सगळे पाणी ओतून देई. ओठ पुढे काढून फू-फू करी. त्याचे ओठ इतके फाटले होते की त्यातून नुसती हवा निघे.

"पाय आता!" प्रयागबाई कपाळावर हात मारी. "प्याले दिलं तं सांडून ठेवते. हा मानूस आता गेला हातचा."

मी पाहत होते. मला सगळे समजत होते. ओतलेले पाणी माझ्या सावलीवरून वाहत जाई आणि मातीत जिरे. मी बोलू शकत नव्हते.

असे काही दिवस गेले आणि रंगरावचे दार ढकलणे कमी झाले. तो दिवसभर झोपून राहू लागला. तनुजा म्हणाली, "मामाजी आता शांत झाले." पण ती शांतता नव्हती. पोट साफ होत नव्हते. लघवी थोडी आणि गडद पिवळी, तिला घाण वास येई. मग दोन दिवसांत तो एकदम बदलला. हवेत हात मारू लागला. प्रयागबाईला म्हणाला, "बाई, तुमी कोनाच्या?" उठायला गेला आणि बाजेजवळच कोसळला.

दिनेशने त्याला उचलून नेले, तेव्हा दार सताड उघडे राहिले. कडी लोंबकळत होती. वारा आला की मी वाजे, पण आत उठणारे कोणी नव्हते. ते दिवस मला सगळ्यांत जड गेले.

वाशीमच्या दवाखान्यात काय झाले ते मी पाहिले नाही. परत आल्यावर तनुजाने दाराशी उभे राहून उकंडरावला सांगितले ते ऐकले.

"काकाजी, डॉक्टरीणबाई आमच्यावर रागावल्या नाईत, पन मले लय लाज वाटली. म्हने, हा मोठा आजार हळूहळू वाढतो. मानूस दोन-चार दिवसांत एकदम बिघडला, तर आधी अंगात काय बिघडलं ते पाहा. पानी कमी, लघवीत जंतू झालेले, पोट गच्च. त्यानंच एवढं भ्रमल्यासारखं झालं. पानी कमी केल्यानं कपडे वले व्हायचे थांबत नाईत, उलट वाढते. त्याइले दोन-दोन घंट्यानं मोरीत नेऊन बसवा म्हने, त्याइनं सांगाची वाट पाहू नका. हृदयाले त्रास नाई, तं पानी भरपूर द्या."

"मंग झाला का बरा?"

"जंतूचं औषध लागलं. आता वळखतात आईले. पन..." तनुजा थांबली. "तिथं सलाईनची सुई उपसून टाकत होते, म्हनून दोन्ही हात पलंगाले बांधले. मामाजी रातभर म्हनत, मले सोडा, बैल तहानले हाय. आता पुन्हा पानी नाई पेले, तं पुन्हा भरती. अन् पुन्हा हात बांधतीन."

हे ऐकून माझ्या पितळेला थंडी वाजली, मित्रांनो.

घरात सगळे पाण्याच्या मागे लागले. प्रयागबाई चमच्याने पाजू लागली, तो तोंड मिटून घेई. तनुजाने सरबत केले, त्याने ते दाराखाली ओतले. दिनेशने दोन्ही खांदे धरून तोंडाला ग्लास लावला, तेव्हा रंगरावला ठसका लागला आणि तो घाबरून भिंतीकडे सरकला. दिनेश ग्लास ठेवून बाहेर आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. त्याचे डोळे भरले होते.

"माय, उद्या सकाळपर्यंत पाहू. नाई तं न्या लागन."

प्रयागबाई हळूच म्हणाली, "कोसानंबी असंच पानी सोडलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. दिनेश जीप सांगायला शेलूबाजारला गेला होता. तनुजा माठ भरायला नळावरून स्टीलची मोठी बादली घेऊन आली. दार उघडले, बादली दाराजवळच्या दगडावर ठेवली आणि माठ विसळायला आत गेली. तेवढ्यात वाऱ्याने दार फिरले. लांब सुतळीला बांधलेली मी झोकांडी खाऊन बादलीच्या काठावर आपटले.

टण्ण.

आणि तिथेच, काठाला टेकून, मी गप्प राहिले.

तो आवाज! किती वर्षांनी तो माझ्या तोंडून निघाला. खोलीत बाजेवर बसलेल्या रंगरावने मान वर केली. त्याचे ओठ दवाखान्यातल्या मलमाने बरे झाले होते. त्याने ते पुढे काढले, आणि शीळ आली. बारीक, लांब, एका लयीत. तनुजा माठ हातात धरून जागीच उभी राहिली.

रंगराव शीळ घालत उठला. भिंतीला धरून दाराशी आला. बादलीपाशी उभा राहून तो शीळ घालतच होता, आणि त्याचा चेहरा असा निवांत दिसत होता, जसा हौदावर दिसे. मी सगळा जीव एकवटून गप्प राहिले. वाऱ्याने कृपा केली. मग दार किंचित हलले, मी काठावरून घसरले आणि वाजले.

"पेला," रंगराव म्हणाला.

त्याने वाकून बादलीत ओंजळ बुडवली आणि पाणी प्यायला. एक ओंजळ. मग दुसरी. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळत होते. तिसरी.

"आई!" तनुजा ओरडली. "आई, लवकर या! मामाजी पानी पेऊन राह्यले!"

प्रयागबाई पोत्यावरून उठून आली. तिने नवऱ्याकडे पाहिले, बादलीकडे पाहिले, आणि मग माझ्याकडे पाहिले. कितीतरी महिन्यांत घरातल्या माणसाने माझ्याकडे पाहिले नव्हते.

"अवं माय," ती म्हणाली. "तो पानी सांडत नव्हता वं. बैलाले पाजत होता. बैल पेल्याबिगर हा मानूस पेते का कधी? मी जलमभर वरडली याच्यावर, अन् मलेच नाई समजलं. बैलाची घाटी दाराले बांधली आपन, अन् म्हन्तो हा उठते काहून!"

दिनेश जीप घेऊन आला तेव्हा रंगराव दारात बसून भाकरी खात होता. जीपवाला म्हणाला, "काय गा दिनेशभाऊ, पेशंट तं जेवून राह्यला. मले कायले आनलं?" किती महिन्यांनी त्या घरात कोणी हसले.

त्या दिवशी दाराची कडी निघाली. दिनेशने मळ्याच्या वाटेवर फाटक बसवले, म्हणजे रस्ता बंद, पण आवार मोकळे. मला दारावरून सोडणार होते, पण प्रयागबाई नको म्हणाली. तिने मला चिंच लावून घासले आणि सुतळी अशी बांधली की वाऱ्याने मी हलू नये. आता वेळ झाली की तीच मला सोडते, वाजवते आणि बादलीच्या काठावर टेकवते. टण्ण. रंगराव शीळ घालतो. मग मी वाजते, आणि तो पाणी पितो. सकाळी, न्याहारीनंतर, उन्हे चढली की, दुपारी, चहाच्या आधी. पाण्यानंतर थोड्या वेळाने तनुजा किंवा दिनेश त्याला मोरीत नेतात. धोतर आता क्वचित ओले होते. झाले तरी कोणी ओरडत नाही. संध्याकाळी उकंडराव येतो आणि त्याचा हात धरून वाफ्यांच्या कडेने फिरवतो. "चाल रंग्या, कासरा लांब देला तुले," तो म्हणतो. फिरून आल्यावर प्रयागबाई त्याचे पाय धुते आणि बोटांच्या बेचक्यांत काही जखम नाही ना ते पाहते, कारण आता काटा बोचला तरी तो सांगत नाही.

आणि त्याने कोसाचे विचारले तर कोणी "मेला" म्हणत नाही. प्रयागबाई म्हणते, "लय गुनाचा बैल होता नाई?" तो म्हणतो, "लय." आणि दोघे कोसाबद्दल बोलत बसतात.

मित्रांनो, आता सगळे चांगले झाले असे मी तुम्हाला सांगणार नाही. रंगरावचा आजार गेलेला नाही. रंगराव अजून आतच कोंडलेला आहे. फक्त ही खोली पत्र्याची नाही, आणि तिची कडी कोणाला काढता येत नाही. पावसाळा गेला, थंडी आली, आणि त्याच्याजवळचे आणखी काही काही गळून पडले. दिनेशचे नाव गेले. भाकरी कशी मोडायची तेही कधी कधी जाते.

परवा प्रयागबाईने मला वाजवले आणि बादलीवर टेकवले. टण्ण. मी गप्प राहिले. रंगरावने ओठ पुढे काढले, पण शीळ आली नाही. शीळ कशी घालायची तेच तो विसरला होता. तो ओठ हलवत राहिला आणि घाबरून प्रयागबाईकडे पाहू लागला. शीळ नाही तर बैल पिणार नाही. बैल पिणार नाही तर तो पिणार नाही. मला गोठ्यातली ती लांबलेली दुपार आठवली.

बाईच्या जातीने शीळ घालू नये, असे आमच्याकडे मानतात. प्रयागबाईने उभ्या जन्मात कधी घातली नव्हती. तिने इकडे तिकडे पाहिले, पदर सावरला आणि ओठांचा चंबू केला. नुसती हवा निघाली. पुन्हा केला. थुंकी उडाली. समोरचे दात पडलेले, शीळ येणार कुठून?

रंगराव तिच्याकडे टक लावून पाहत होता. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आले.

"फसकली," तो म्हणाला.

"हसू नका जी," ती म्हणाली. "तुमच्याच बैलासाठी करून राह्यली." आणि तिने पुन्हा फुंकले. या वेळी दातांच्या फटीतून एक बारीक, वाकडी, चिरकी शीळ निघाली. कोसाने ऐकली असती तर तोही हसला असता. पण ती शीळ होती. ती तिने थांबू दिली नाही. श्वास पुरेपर्यंत धरली, मग मला हाताने हलवले.

मी वाजले.

"पेला," प्रयागबाई म्हणाली.

"पेला," रंगराव म्हणाला आणि त्याने ओंजळ पुढे केली. तिने ती भरली.

मित्रांनो, तुमच्या घरी असे कोणी आजोबा, अशी कोणी आजी असेल, आणि ते पाणी सांडत असतील, दार वाजवत असतील, भलत्याच नावाने हाक मारत असतील, तर त्यांना कोंडू नका आणि लगेच वेडेही म्हणू नका. आधी त्यांचे ओठ पाहा, कोरडे आहेत का. पोट दुखते का, पायात काटा आहे का ते पाहा. त्यांना ते सांगता येत नाही. आणि मग ते काय करत आहेत ते नीट पाहा. ते कोणाला तरी पाणी पाजत असतील.

मलाही सांगता येत नव्हते. कोणी तरी माझ्याकडे पाहावे लागले.

बाहेर उन्हे चढली आहेत. प्रयागबाई बादली भरून इकडेच येत आहे, आणि येता येता ओठांचा चंबू करून शीळ घालून पाहत आहे.